अंगठ्याभोवतीची रेघ

पौडच्या दवाखान्यात मी सर्पदंश पाहिले, बैलाने पोटात शिंग खुपसलेला गडी पाहिला, आडवी आलेली मुलं फिरवून बाहेर काढली. त्या वेळी घाबरायला सवडच नसायची. हात चालत राहायचे, आणि सगळं आटोपून चहाचा कप पुढे आला की मग भीती आठवायची. पण एक काम असं होतं, की ते करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर दोन दिवस माझा जीव थाऱ्यावर नसायचा. ते म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी द्यायचं एक लहानसं इंजेक्शन.

वाचणाऱ्याला हसू येईल. म्हणून आधी जरा समजावून सांगते. तुमचा अंगठा ताठ करा आणि त्याच्या कडेने बोट फिरवत मनगटाकडे या. मनगटाच्या जरा अलीकडे एक खोलगट जागा लागते, तिथे तो सांधा असतो. घोड्याच्या पाठीवर खोगीर बसावं तसं एक हाड दुसऱ्यावर बसलेलं असतं. म्हणूनच अंगठा चारी दिशांना फिरतो, आणि म्हणूनच आपण सुई धरतो, दोरा ओवतो, कुलूप उघडतो. जन्मभर जात्याचा खुंटा धरला, धार काढली, भाताची रोपं चिमटीत धरून चिखलात खोवली, की ते खोगीर झिजतं. हाडावर हाड घासतं. मुळाशी उंचवटा येतो. ओलं लुगडं पिळताना बाई मधेच थांबते आणि हात झटकते, ते या सांध्यापायी.

एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या अखेरीला सांध्यात द्यायचं एक नवं औषध पुण्यात मिळायला लागलं होतं. दुधासारखं पांढरं, ठेवलं की तळाशी बसणारं, टोचण्याआधी हलवून घ्यावं लागे. पुण्याच्या मोठ्या इस्पितळातल्या माझ्या सरांनी ते द्यायला मला शिकवलं. एका हाताने अंगठा ओढून धरायचा, म्हणजे सांध्याची फट जराशी उघडते. किती? नाचणीचा दाणा अडकेल इतकी. त्या फटीत बारीक सुई न्यायची. एका बाजूला नाडीची धमनी, दुसऱ्या बाजूला मज्जातंतूची बारीक फांदी. आमच्याकडे एक्सरे नव्हता. सगळं बोटाच्या स्पर्शावर चालायचं.

पण मला भीती धमनीची नव्हती. सर शिकवताना एकदा म्हणाले होते, "सांध्यात पू झाला तर सांधा गेला. तो पू रक्तात गेला तर माणूस गेला. आणि लक्षात ठेव, तुझ्याकडे आलेला माणूस मरायला टेकलेला नव्हता. तो स्वतःच्या पायांनी चालत आला होता."

हे वाक्य माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही. साप चावलेला दगावला तर लोक म्हणतात, बाईंनी शर्थ केली. पण अंगठा दुखतो म्हणून आलेली बाई दगावली तर? आमच्या पिचकाऱ्या काचेच्या. त्या आणि सुया गणपतराव कंपाउंडर पातेल्यात उकळायचे. सुई बोथट झाली की दगडावर घासून पुन्हा तीच वापरायची. गणपतराव चोख माणूस, तरी पातेल्याला पुरती उकळी फुटेपर्यंत मी शेजारून हलायची नाही. त्यांना त्याचा राग यायचा. "बाई, मी काय तुमच्या आधी पाणी तापवलं नव्हतं?" म्हणायचे. मी तशीच उभी राहायची.

या इंजेक्शनचं माझं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे लवळ्याचे एक पाटील. जमीनजुमला मोठा, मिशा त्याहून मोठ्या. उजवा अंगठा दुखतो म्हणून बैलगाडीतून आले, बरोबर पाटलीणबाई. मी सुई कुठे जाणार ते दाखवलं तसा त्यांचा चेहरा उतरला.

"आसं करा," ते म्हणाले, "आदी हिला द्या. हिला काय व्हत न्हाई म्हंजे मग माजं बगू."

"अहो पाटील, त्यांना काही दुखत असेल तर ना?"

"न्हाई दुखत म्हनून तर म्हनतोय. निरोगी मानसावर आजमून बगावं."

मी रागाने काही बोलणार, तेवढ्यात माझं लक्ष पाटलीणबाईंच्या हाताकडे गेलं. पदराआड लपलेला तो हात मी ओढून घेतला. अंगठ्याच्या मुळाशी पाटलांच्यापेक्षा मोठा उंचवटा होता. मी अंगठा जरासा दाबून फिरवला. हाडावर हाड करकरलेलं मला बोटांना कळलं. बाईंचे डोळे भरून आले.

"केव्हापासून हे?"

"धाकल्याच्या वक्तापासनं."

"आणि कुणाला सांगितलं नाही?"

"काय सांगायचं बाई? समद्याच बायांचं दुखतंया की."

पाटील खिडकीबाहेर बघत राहिले. मी इंजेक्शन पाटलीणबाईंना दिलं. माझी बोटं त्या वेळी किती गार पडली होती, ते त्यांनाही जाणवलं असेल. नंतरचे दोन दिवस लवळ्याकडून कुणी दवाखान्यात शिरलं की मी आधी पाटलीणबाईंची विचारपूस करायची. आठवड्याच्या बाजाराला पाटलीणबाई स्वतः आल्या. हात पुढे करून अंगठा गरागरा फिरवून दाखवला आणि पदर तोंडाला लावून हसल्या. पाटील मात्र पुन्हा आले नाहीत. निरोप आला, "आमचं बरं हाय."

पाटलीणबाईंच्या हसण्याची बातमी बाजारातून डोंगरावर गेली आणि माझ्या आयुष्यातले सर्वांत वाईट दोन दिवस माझ्याकडे चालत आले.

भरे गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात धनगरांची वस्ती होती. मेंढ्या, शेरडं, आणि उतारावर थोडी नाचणी-वरई. तिथली सुईण म्हणजे ठकूमावशी. आसपासच्या वाड्यांवरची कितीतरी माणसं तिच्या हातावर जन्मली होती. नवरा कधीच वारलेला. घरात मुलगा, सून रखमा आणि दीर भिवा. मुलगा कळप घेऊन रानोमाळ असायचा, घर भिवाच्या नजरेखाली चालायचं. ठकूमावशी लग्न होऊन आली तेव्हा भिवा रांगत होता, तिनेच त्याला वाढवलेला.

भाताची कापणी उरकून थंडी पडली होती. बाजाराच्या दिवशी सकाळीच ती आली. ठेंगणी, काटक, कपाळावर गोंदण. बाकावर न बसता माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"पाटलिनीला दिलं ते मला द्या," ती म्हणाली.

उजव्या अंगठ्याचा सांधा पुरता झिजला होता. चिमटीत कागद धरायला दिला, तो गळून पडला.

"मावशी, हे औषध झीज भरून काढत नाही. काही महिने दुखणं थांबेल, एवढंच."

"म्हयनं कशाला, मला म्हयना फुरं हाय. सुनंचं दिस भरत आल्याती. नाळंला दोरा बांदायला ग्येले तर चिमटच बसंना झालीया. परवा खालच्या वाडीत बाळातपन केलं, तर दुसरीनं गाठ मारली. माज्या हातात ताकद न्हाई, हे समद्यांनी बगितलं."

मी तिला म्हटलं, सुनेला घेऊन इथे या, मी सोडवते. तिने मान हलवली. "पोर काय सांगून येतंय व्हय? डोंगर उतरूपत्तुर वाटंतच व्हईल."

मी नाही म्हणायला हवं होतं का, हे त्या दिवशी मनात अनेकदा आलं. वस्ती लांब, चढ उभा, काही झालं तर मला कळणार कसं? पण समोर उभी बाई खरं बोलत होती, आणि तिच्या त्या हातावर दोन जिवांची भिस्त होती. मी गणपतरावांना पाणी ठेवायला सांगितलं.

तिचा हात साबणाने धुतला, स्पिरिटने पुसला, आयोडीन लावलं. गणपतरावांनी अंगठा ओढून धरला. मी फट चाचपली. आधी कातडी बधीर केली, मग सुई आत घातली. हाडाला टेकली. जराशी मागे घेऊन कोन बदलला आणि एकदम ती अलगद आत सरकली. बरोबर जागी गेलेली सुई हाताला कळते, औषध अडत नाही. ठकूमावशी सुईकडे टक लावून बघत होती.

"भ्या वाटतं का मावशी?"

"मला न्हाई. तुमच्या कपाळाला घाम आलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याचं दार उघडलं तर पायरीवर भिवा बसलेला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. माझ्याकडे न बघताच तो बोलला.

"वयनीचा हात सुजलाया. लालबुंद झालाय. कालच्यान वरडतीया. चला."

मी विचारलं, कधीपासून? सांजेपासून. ताप? ते त्याला सांगता येईना. मी पेटी भरली. पेनिसिलिनची कुपी, उकळलेल्या सुया, आणि कापडात गुंडाळून एक लहान सुरी, पू कापून काढायची. ती सुरी ठेवताना गणपतरावांनी पाहिलं.

भिवा पुढे, मी मागे. भऱ्यापर्यंत बैलगाडी मिळाली, मग चढ. सारी वाट तो एकदाच बोलला. "येका मानसाला बाजारातल्या सुईवाल्यानं गुडघ्यात टोचलं हुतं. आमच्याच भावकीतला. पाय सडून ग्येला." मी ऐकलं आणि चालत राहिले. चढावर धाप लागते ती वेगळी आणि भीतीने लागते ती वेगळी. त्या दिवशी दोन्ही लागल्या होत्या.

आता इथे आमच्या धंद्यातली एक अवघड गोष्ट सांगायला हवी. ते पांढरं औषध म्हणजे बारीक खडे असतात. कधीकधी तेच खडे सांध्याला बोचतात आणि सांधा खवळतो. सूज, लाली, आग, सगळं होतं. एक-दोन दिवसांत आपोआप उतरतं. आणि पू झाला तरी अगदी हेच होतं. सूज तीच, लाली तीच, आग तीच. खवळलेल्या सांध्याला नुसतं गप्प ठेवायचं असतं. पू झालेल्या सांध्याला वेळेवर उघडावं लागतं. चुकून खवळलेल्या सांध्यात पुन्हा सुई खुपसली, तर सुजलेल्या कातडीतून आपणच पू आत नेऊ. आणि पू झालेल्याला गप्प ठेवलं तर हात जातो. यातलं कुठलं आहे, ते पहिल्या दिवशी कुणालाच छातीठोक सांगता येत नाही. सरांनाही नाही. मला तर नाहीच.

ठकूमावशीच्या झोपडीपुढे सारी वस्ती गोळा झाली होती. मी आले तशी माणसं बाजूला झाली, पण एकही बाई "या" म्हणाली नाही. मावशी खांबाला टेकून बसली होती, उजवा हात मांडीवर, पिकलेल्या पपईसारखा. रखमा तिच्या पाठीशी, पोट पुढे आलेलं. चुलीत निखारे रसरसत होते आणि निखाऱ्यांत एक विळा तापत पडला होता.

"हे कशाला?" मी विचारलं.

"डाग द्यायचाय," भिवा म्हणाला. "मेंढराचं गुडगं सुजलं तर आमी डागच देतो. सूज उतारती."

मी आधी मावशीच्या जवळ बसले. थर्मामीटर लावला. अंगात किंचित कणकण होती. ती औषधाने येऊ शकते आणि पुवानेही येऊ शकते. काखेत चाचपलं, गाठ लागली नाही. दंडाकडे जाणारी लाल रेघ दिसते का पाहिलं, दिसली नाही. अंगठा हलवला तशी ती अशी ओरडली, की रखमाने डोळे मिटून घेतले.

"भिवाभाऊ," मी म्हटलं, "डाग देऊ नका. भाजलेल्या कातडीतून पू आत शिरेल. मग मला काही करता येणार नाही."

"आन् आता काय करता येतंया तुमाला?"

त्याचं खरं होतं. मी पेनिसिलिनची कुपी काढली. पू असेलच तर लवकर दिलेलं बरं, असा माझा विचार. पिचकारी दिसताच भिवा माझ्या आणि मावशीच्या मधे येऊन उभा राहिला.

"आता सुई न्हाई."

"अहो, हे वेगळं औषध आहे. पुवावरचं."

"म्हंजे पू झालाय म्हना की!"

लोकांत कुजबूज सुरू झाली. कुणीतरी बाई मोठ्याने रडू लागली. भिवाने चिमट्याने विळा उचलला. त्याचं टोक लाल झालं होतं. पुण्यातल्या मोठ्या वॉर्डात माझ्या मागे सर असत, सिस्टर असत. इथे माझ्या मागे नुसता डोंगर होता.

बोलली ती ठकूमावशीच. आवाज चिरका, पण स्पष्ट.

"भिवा, इळा खाली ठिव. आन् बाई, तुमीबी ती सुई प्येटीत ठिवा. हात माजा हाय. सकाळपत्तुर दोगंबी गप बसा."

भिवाने विळा दगडावर ठेवला. मी पिचकारी पेटीत ठेवली. ठेवताना मनात आलं, पू असेल तर हे तास पुन्हा मिळणार नाहीत.

मग मी एक केलं. खिशातलं शाईचं पेन काढलं आणि मावशीच्या हातावर, जिथे लाली संपत होती तिथून, सबंध कडेने निळी रेघ ओढली. भिवा चपापून पुढे आला.

"ह्ये काय काडलंया? मंतर हाय का?"

"मंतर नाही. लाली या रेघेच्या आत राहिली तर औषधाची आग. रेघ ओलांडून वर सरकायला लागली, तर पू. मग डोली करायची, पौडला न्यायचं, तिथून एस.टी.ने पुण्याला. मी बरोबर येईन."

"आन् हात ग्येला तर?"

मी हाताला लाकडाच्या दोन चिपांचा आधार बांधला, गार पाण्याच्या घड्या ठेवल्या, दुखणं कमी होण्याच्या गोळ्या दिल्या, आणि शेजारी पोतं पसरून बसले.

दुपारभर वस्तीवरचं प्रत्येक माणूस येऊन ती रेघ बघून गेलं. म्हातारे वाकून बघायचे, बाया लांबून विचारायच्या, "वलांडली का वं?" मी प्रत्येक वेळी जाऊन पाहायची आणि मान हलवायची. रेघेच्या काठापर्यंत लाली येऊन ठेपली होती. पलीकडे गेली नव्हती, मागेही हटली नव्हती.

संध्याकाळी रखमाने मला भाकरी आणि शेळीचं दूध आणून दिलं. खाली बसता येत नव्हतं म्हणून दारालाच टेकून उभी राहिली. हळूच म्हणाली, "बाई, आत्याचा हात बरा न्हाई झाला तर माजं कोन करनार?"

"मी करेन."

"तुमी पौडाला. पयल्या येळी म्या म्हायेरी ग्येले हुते. तितं जानतं कुनी न्हवतं. पोर अडकलं, आन् ग्येलं. म्हनून यंदा आत्याला सोडून ग्येलेच न्हाई." ती सासूच्या हाताकडे बघत राहिली.

अंधार पडल्यावर भीतीचा नवा प्रकार कळला. चिमणीच्या आणि चुलीच्या उजेडात सगळंच लाल दिसतं. माझा तळवा लाल, भिंत लाल, मावशीचा हात कोपरापर्यंत लाल. एकदा तर माझी खात्रीच झाली, की रेघ ओलांडली गेली. मी चिमणी अगदी जवळ नेली, हात धरून तिरका केला, तरी कळेना. भिवा माझ्या खांद्यावरून बघत होता. तो म्हणाला, "ग्येली का पल्याड?"

"दिसत नाही," मी म्हटलं. "उजेडाशिवाय सांगता येणार नाही."

मला वाटलं आता तो विळा उचलणार. तो उठला, बाहेर गेला आणि सरपणाचा भारा घेऊन आला. माझ्याजवळ शेकोटी केली आणि समोर बसून राहिला. त्यालाही घरात दुसरी आई नव्हती.

पहाटे मला डुलकी लागली असावी. जाग आली ती मावशीच्या हाकेने. ती सरळ बसली होती. दारातून कोवळा उजेड येत होता.

"बाई, तुमची रेघ लांब ग्येली की वं."

मी हात उजेडात धरला. रेघ होती तिथेच होती. लाली तिच्यापासून बोटभर आत सरकली होती. कातडीवर सुरकुत्या परत आल्या होत्या. मी अंगठा हलवला. तिने तोंड वाकडं केलं, पण ओरडली नाही. थर्मामीटर लावला, कणकण उतरलेली. मी बाहेर गेले, मेंढरांच्या वाघरीपाशी, त्या जाळीच्या कुंपणाशी, उभी राहिले आणि मला ओकारी आली. दोन दिवसांचं धरून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. वस्तीवरच्या बाया हसायला लागल्या. कुणीतरी पाण्याचा तांब्या दिला. भिवा मेंढरं सोडायला निघून गेला.

त्यानंतर काही आठवड्यांनी, दुपारी, रुग्णांची गर्दी ओसरल्यावर दवाखान्याच्या दारात तोच उभा दिसला. तीच घोंगडी, तीच काठी. माझ्या हातून औषधाची बाटली टेबलावर आपटली. पहिला विचार आला, ठकूमावशी. दुसरा आला, रखमा.

"काय झालं?" मी ओरडलेच.

"पोरगी झाली," तो म्हणाला.

"मग तोंड असं काय? रखमा कशी आहे?"

"बरी हाय. नाळ गळ्याला गुतली हुती. पोर निळी पडली. वयनीनं अंगटा घालून येढा सोडवला. मी भायेर हुतो, मला बायांनी सांगितलं. मग रडली पोर."

मी खुर्चीत बसले. गणपतराव कधी नव्हे ते न सांगता चहा करायला गेले. मला वाटलं, सांगून झालं, आता जाईल. पण तो उभाच. मग त्याने घोंगडीआडून उजवा हात काढला आणि टेबलावर ठेवला. मेंढ्यांची लोकर कातरायची मोठी कातर जन्मभर चालवलेला तो हात. मुळाशी तोच उंचवटा.

मी तपासलं. मग जे त्याआधी कुठल्याच रुग्णाला पुरतं सांगितलं नव्हतं, ते सगळं त्याला सांगितलं. दुखेल. पहिले दोन दिवस खवळेलही, वहिनीसारखं. गुण काही महिनेच टिकेल, आणि दर वेळी थोडा कमी. कदाचित येणारही नाही. आणि कितीही उकळलं, कितीही धुतलं, तरी पू होण्याची भीती राहतेच. ती जाते असं मला सांगता येणार नाही.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमाला भ्या वाटतंया," तो म्हणाला.

"हो."

"मलाबी." त्याने बाक ओढला आणि बसला. "पानी ठिवा म्हनावं."

गणपतरावांनी पातेलं स्टोव्हवर ठेवलं. उकळी फुटेपर्यंत मी शेजारी उभी राहिले. या वेळी ते काही बोलले नाहीत. सुई आत जाताना भिवाने मान फिरवली नाही, पण डाव्या हाताने बाकाची कड एवढी घट्ट धरली, की नखं पांढरी पडली. मी शाईच्या पेनने त्याच्या हातावर रेघ ओढून ठेवली आणि कशावर लक्ष ठेवायचं ते सांगितलं. लाली तिच्या पलीकडे गेली तर लगेच कुणालातरी खाली धाडायचं. तो गेला.

दुसऱ्या दिवशी रुग्ण होते, जखमा होत्या, एक अवघड बाळंतपण होतं. मी ते सगळं केलं. मधे मधे खिडकीशी जाऊन भऱ्याकडून येणारा रस्ता बघत राहिले. बैलगाड्या आल्या, एस.टी. आली, बाजारहाट करून परतणारी माणसं गेली. तिसऱ्या दिवशीही तसंच. सांज झाली, गणपतरावांनी दाराला कडी घातली. डोंगरावरून कुणीही खाली आलं नव्हतं.